कंबोडियाला जाताय? बात्तामबांग वगळू नका

संगकेकाठ:

ओळखीतलं कोणी कंबोडियाला निघालं की कार्यक्रम ठरलेला असतो. सिएम रीपला उतरायचं, अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम करायचं, जमलं तर नॉम पेन्हचा राजवाडा बघायचा आणि परत. अंगकोर बघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ख्मेर (म्हणजे कंबोडियाच्या मुख्य समाजाचा) वारसा म्हणजे जंगलातली रिकामी देवळं, एवढंच डोक्यात घेऊन माणसं घरी येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोकरीमुळे आम्ही नॉम पेन्हला राहतो आणि बात्तामबांगला वरचेवर जाणं होतं, म्हणून हा धागा.

बात्तामबांग हे देशाच्या वायव्येचं मोठं शहर. संगके नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं, भोवती नजर पोचेल तिथवर भातखाचरं. नॉम पेन्हहून राष्ट्रीय महामार्ग ५ ने साधारण २९० किलोमीटर, सिएम रीपहून १७० च्या आसपास. शहराच्या तोंडाशीच ता दाम्बोंग या लोककथेतल्या पुरुषाचा काळा पुतळा आहे. हातात लाकडी दांडा. त्याच्यापुढे दिवसभर उदबत्त्या जळत असतात. येणारेजाणारे ट्रकवालेसुद्धा थांबून हात जोडतात.

शहराच्या उत्तरेला बारा-एक किलोमीटरवर वाट एक फ्नोम (तिकडे 'वाट' म्हणजे विहार किंवा देऊळ). सूर्यवर्मन पहिला या राजाच्या काळातलं, इ. स. १०२७ चं देऊळ. मंदिर फार मोठं नाही आणि बरंच ढासळलेलं आहे. वालुकाश्माचे ठोकळे एकमेकांवर कलंडलेत, आवाराच्या जांभ्याच्या भिंतीचे अवशेष आणि जुना तलाव अजून ओळखू येतात. पूर्वेच्या दाराशी मात्र थांबा आणि मान वर करा. दारावरच्या शिळेवर समुद्रमंथन कोरलंय. अंगकोर वाटच्या पूर्व दालनात हाच प्रसंग जवळजवळ ५० मीटर लांब भिंतीवर आहे आणि तिथे गर्दीत पुढे सरकत सरकत बघावा लागतो. इथे तोच अख्खा प्रसंग एका दाराच्या रुंदीत बसवलाय. मधे रवी, दोन बाजूंना नाग ओढणारे. कोरणाऱ्याने एवढ्याशा जागेत दोन्ही बाजूंचा ताण कसा पकडला असेल, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ उभी राहते. तोवर शेजारच्या विहारातून भिक्षूंचं पठण ऐकू येत असतं.

मला सांगायचंय ते हेच. बात्तामबांगच्या परिसरात पडकं देऊळ एकटं नसतं. त्याला लागून चालता विहार असतो, विहाराला लागून शाळा, शाळेला लागून बाजार. ख्मेर नववर्षाला, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, एक फ्नोमच्या आवारात सतरंज्या टाकून कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला बसतात. हजार वर्षांपूर्वी शिवाचं असलेलं ठिकाण आज बुद्धाचं आहे, पण लोकांचं येणं थांबलेलं नाही.

दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर वाट बनान. टेकडीवर पाच शिखरं, त्यामुळे बघताक्षणी अंगकोर वाटची आठवण येते. बांधकाम अकराव्या शतकात उदयादित्यवर्मन दुसरा याच्या काळात सुरू झालं आणि जयवर्मन सातवा याने ते पुरं केलं, असं मानतात. वर जायला ३५८ पायऱ्या आहेत, चढण अंगावर येणारी आहे, म्हणून सकाळीच जा. वरच्या बऱ्याच मूर्तींची शिरं चोरांनी नेली आहेत. ते बघून राग येतो आणि यायलाच हवा.

आता शहराकडे. १७९५ पासून १९०७ पर्यंत हा मुलूख सयामच्या (आजच्या थायलंडच्या) ताब्यात होता. राज्य करायचं ते एकाच घराण्याने, अभयवंश (थाई उच्चार अफायवोंग). मूळ पुरुष बेन नावाचा ख्मेर सरदार. त्याने कंबोडियाच्या गादीच्या राजकारणात सयामची बाजू घेतली आणि बदल्यात बात्तामबांग-सिएम रीपचा कारभार मिळवला. शेवटच्या सुभेदाराने इटालियन वास्तुविशारदांकडून एक वाडा बांधून घेतला. तोवर मार्च १९०७ चा फ्रान्स-सयाम करार झाला, मुलूख फ्रेंच संरक्षणाखालच्या कंबोडियाला मिळाला आणि सुभेदार लवाजमा घेऊन सयाममधल्या प्राचीनबुरीला निघून गेला. तो पिवळसर वाडा नदीजवळ आजही उभा आहे. पुढे १९४१ ते १९४६ हा भाग पुन्हा थायलंडकडे गेला होता. थायलंडचे पंतप्रधान झालेले खुआंग अफायवोंग यांचा जन्म १९०२ मध्ये बात्तामबांगचाच.

फ्रेंचांनी नदीला समांतर रस्ते आखले, खाली दुकान वर घर अशा चाळवजा इमारतींच्या रांगा बांधल्या. १९३२ मध्ये नॉम पेन्हहून रेल्वे आली. मधोमध प्सा नाथ हा बाजार, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको घाटाचा, आणि तो अजून खराखुरा भाजीबाजार आहे. या गल्ल्यांतून पायीच फिरा. वरच्या मजल्यांच्या लाकडी झडपा, सज्जांचे कठडे, चिनी अक्षरांच्या जुन्या पाट्या, सगळं तिथे एकाच भिंतीवर सापडतं. अलीकडे यातल्या काही इमारतींवर काचेचे दर्शनी भाग चढलेत आणि काही पाडून उंच हॉटेलं झाली आहेत. कोणी मुद्दाम वाईट करत नाही, जागेला भाव आलाय. पण दगडी देवळांसाठी जग धावून येतं आणि विटा-लाकडाच्या शंभर वर्षांच्या घरांसाठी कोणी येत नाही.

प्रांतिक संग्रहालय लहान आहे, पण बनान, स्नेंग वगैरे ठिकाणच्या दारांवरच्या कोरीव शिळा तिथे हाताच्या अंतरावर बघता येतात. आधी संग्रहालय, मग देवळं, असा क्रम ठेवलात तर देवळांत काय शोधायचं ते कळतं.

अजून लिहायचंय, प्रश्न आले की लिहीन.

रत्नांग्रीकर:

ताई, सुंदर धागा. एक विचारायचं होतं. बनानच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत का? आमचं घर, विहीर, गडगा, सगळं जांभ्याचं. तिथेही तो खाणीतून ओला काढून कापतात का?

संगकेकाठ:

@रत्नांग्रीकर, हो, जांभाच. पाया, आवारभिंती, पायऱ्या, तलावांचे काठ हे सगळं ख्मेर लोक जांभ्यात करत. जमिनीत असताना तो मऊ असतो, कापायला सोपा, हवा लागली की घट्ट होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण त्यावर बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून दर्शनी भाग, दारं, मूर्ती यांना वालुकाश्म. एक फ्नोमला दोन्ही एकाच नजरेत दिसतात, बाहेर जांभ्याची भिंत आणि आत वालुकाश्माचं कोरीव देऊळ. त्याआधीची बरीच देवळं विटांची. स्नेंगला, पैलिनच्या रस्त्यावर, विटांची तीन शिखरं आहेत, तीही बघा.

हेमाडपंती:

उत्तम लेखन. थोडी भर घालतो.

सूर्यवर्मन पहिला हा फार महत्त्वाचा राजा. गादीसाठी त्याला बरीच वर्षं लढावं लागलं. इ. स. १०११ मध्ये त्याने आपल्या अधिकाऱ्यांकडून निष्ठेची शपथ घेतली आणि ती अंगकोर थॉममधल्या राजवाड्याच्या दरवाज्यावर कोरून ठेवली. शपथ घेणाऱ्यांची नावंसुद्धा कोरलेली आहेत. पश्चिमेकडे राज्य वाढवणारा राजा तो, त्यामुळे बात्तामबांगच्या भागात त्याच्या काळची देवळं असणं साहजिक आहे. शहराजवळ बासेत नावाचं आणखी एक पडकं देऊळ आहे, तेही त्याच काळातलं. शिलालेखांतलं जयक्षेत्र म्हणजे हेच, असं अभ्यासक मानतात.

आणि मराठी वाचकांनी लक्षात घ्यावं असं एक. ख्मेर शिलालेखांत कालगणना शकाची असते, आपल्या पंचांगावर छापलेली असते तीच. इसवी सनातून ७८ वर्षं वजा करा. एक फ्नोमचं १०२७ साल म्हणजे शके ९४९. यादवांचे शिलालेख वाचणाऱ्याला तिथली तारीख परकी वाटत नाही. मेकाँगकाठच्या सांबोर इथे सापडलेल्या एका लेखात शके ६०५ हे वर्ष कोरलंय आणि त्यातलं शून्य टिंबाने दाखवलंय. शून्याच्या आकड्याचा इतका जुना, तारीखवार पुरावा फार दुर्मीळ आहे. तो दगड नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मृदगंध:

शके ९४९! अंगावर काटा आला वाचून. वाचनखूण साठवली आहे.

निवांत:

लेख आवडला, पण एक शंका आहे आणि ती स्पष्टच विचारतो. बात्तामबांगबद्दल जिथे वाचावं तिथे फ्नोम संपौच्या गुहांमध्ये झालेल्या हत्यांचा उल्लेख असतो. माणसं मारली त्या जागा सुट्टीत जाऊन बघणं मला बरोबर वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचं प्रदर्शन होतं. बरोबर मुलं असतील तर अजूनच अवघड. तुम्ही धाग्यात ते टाळलंत, ते मुद्दाम का?

संगकेकाठ:

@निवांत, टाळलं नव्हतं, वेगळं लिहायचं होतं. प्रश्न विचारलात ते बरं झालं.

एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूज, म्हणजे कंबोडियातले कट्टर कम्युनिस्ट, बात्तामबांगमध्ये शिरले आणि काही दिवसांत त्यांनी अख्खं शहर रिकामं करवलं. विहार बंद झाले, भिक्षूंची चीवरं उतरवली गेली, कित्येक विहारांचे तुरुंग झाले. एक फ्नोमच्या दिशेला नदीकाठी वाट समरोंग क्नोंग आहे. तिथला जुना विहार असाच तुरुंग म्हणून वापरला गेला. आता तिथे एक स्मारक आहे. काचेमागे अस्थी ठेवल्या आहेत आणि खाली सभोवार शिल्पपट्ट आहेत. सक्तीची लग्नं, उपासमार, मारहाण, त्या भागात जे जे झालं ते कोरलंय. देवळांवर कथा कोरायची ख्मेर रीत हजार वर्षांची. त्याच रीतीने त्यांनी आपला सर्वांत वाईट काळ लिहून ठेवला. मला तरी हे प्रदर्शन वाटत नाही. हे गावाने स्वतः, स्वतःसाठी केलेलं काम आहे.

फ्नोम संपौ शहराच्या नैर्ऋत्येला बारा-एक किलोमीटरवर. गुहेच्या छताला भगदाड आहे, तिथून माणसांना खाली ढकलत. आज त्याच गुहेत निजलेला सोनेरी बुद्ध आहे, अस्थींचं स्मारक आहे आणि तिथे येणाऱ्यांत स्थानिक लोकही असतात, आपापल्या माणसांसाठी उदबत्ती लावायला. संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याच्या दुसऱ्या गुहेतून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, बहुतेक पर्यटक त्यासाठी येतात आणि वर न जाताच परततात.

मुलांचं म्हणाल तर लहान मुलांना गुहेत नेऊ नका. डोंगराची लोककथा सांगा. संपौ म्हणजे जहाज, शेजारची टेकडी म्हणजे मगर, आणि रुमसाय सोक नावाच्या मुलीने केस मोकळे सोडले तेव्हा समुद्र ओसरला आणि मगर कोरड्यावर पडली. तिथल्या मुलांनाही हीच गोष्ट आधी सांगतात.

निवांत:

शिल्पपट्टांबद्दल माहीत नव्हतं. त्यामुळे माझं मत थोडं बदललं. तरी गुहेपुढे उभं राहून हसरे फोटो काढणाऱ्यांबद्दल माझा राग कायम आहे.

संगकेकाठ:

तो राग माझाही आहे. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आवाज खाली असावा, अस्थींचे फोटो काढू नयेत. विहारात जातो तसं जायचं.

सायलीची_आई:

आम्ही तिथे सहकुटुंब जाऊन आलोय, त्यामुळे खाण्याबद्दल मी लिहिते.

२०२३ मध्ये युनेस्कोने बात्तामबांगचा सर्जनशील शहरांच्या यादीत समावेश केला आणि तो पाकसंस्कृतीसाठी. ते का, हे एक फ्नोमच्या रस्त्यावर कळतं. नदीकाठच्या घराघरांत एकेक पदार्थ होतो. एका वाडीत तांदळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे करतात, ज्यात पुढे भाज्या गुंडाळून खातात. चुलीत तुसाचा जाळ, वर उकळत्या पाण्याचं भांडं, भांड्याच्या तोंडावर ताणून बांधलेलं फडकं. त्या फडक्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीने गोल पसरायचं, झाकण ठेवायचं, वाफ लागली की काठीवर अलगद उचलून बांबूच्या जाळीवर टाकायचं. जाळीची नक्षी त्या पापुद्र्यावर उमटते. माझ्या सासूबाई बघताबघता म्हणाल्या, "अगं, या तर आपल्या फेण्या!" आणि खाली बसून त्यांनी त्या बाईंकडून पळी मागून घेतली. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती, पण पीठ जाड झालं की त्या बाई मान हलवायच्या आणि सासूबाईंना बरोबर कळायचं.

दुसरीकडे नॉम बान्चोक. आंबवलेल्या तांदळाचा उंडा कुटून मऊ करायचा, भोकाच्या साच्यातून थेट उकळत्या पाण्यात शेवया पाडायच्या. वर गवती चहा, हळद वाटून केलेला माशाचा पातळ रस्सा आणि कच्च्या भाज्या, केळफूल. सकाळी खायचा पदार्थ आहे, दुपारी मागू नका. बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात, क्रालान, तो शाकाहारी मंडळींना चालेल. भात, चवळीसारखे दाणे, नारळाचं दूध.

शाकाहाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. प्राहोक म्हणजे खारवून आंबवलेले मासे, ते बऱ्याच रश्श्यांत असतात, वरून दिसत नाहीत. आधी विचारा.

मृदगंध:

फेण्या!! आमच्याकडे आजी करायची. आता कोणी करत नाही.

शिळाछाप:

मूर्तींच्या शिरांबद्दल ताईंनी लिहिलंय त्यावर.

यादवीच्या काळात हा भाग फार काळ लढाईत होता. पैलिन ख्मेर रूजच्या ताब्यात, बात्तामबांग सरकारकडे, आणि देवळांच्या टेकड्या मधे. फ्नोम संपौवर जुन्या तोफा अजून आहेत. अशा वेळी मूर्ती कोण राखणार? शेजारच्या बान्तेय मेआनचेय प्रांतातल्या बान्तेय छमार मंदिराची अख्खी भिंत १९९८ च्या सुमारास कापून नेली. ट्रकभर दगड थायलंडमध्ये पकडले गेले, ११७ तुकडे, आणि पुढे ते कंबोडियाला परत मिळाले. वारसा जपण्याचा कायदा १९९६ मध्ये झालेला होता, पण सीमेवरच्या जंगलात तो कोण राबवणार? ब्रिटिश व्यापारी डग्लस लॅचफर्डवर मूर्तींच्या तस्करीबद्दल अमेरिकेत २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, तो २०२० मध्ये वारला आणि त्याच्या कुटुंबाने संग्रह परत द्यायचं मान्य केलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये १४ ख्मेर मूर्ती कंबोडियाला परत करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे शिरं परत येऊ शकतात. ज्यांच्या घरी "आशियाई शिल्प" म्हणून काही आहे त्यांनी ते कुठून आलं हे विचारावं.

आपला थेट संबंध म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. १९८६ ते १९९३ या काळात, बाकीचे देश यायला तयार नव्हते तेव्हा, आपल्या लोकांनी अंगकोर वाटचं काम केलं. त्या कामाच्या पद्धतीवर टीका झाली, ती माहीत आहे. पण सुरुंग आणि गोळीबार यांच्यात राहून त्यांनी काम केलं, हेही सांगायला हवं.

हेमाडपंती:

+१. ता प्रोमचं कामही आपल्याकडेच आहे, तिथली नृत्यशाला २०२२ मध्ये खुली झाली.

आता मतभेदाचा मुद्दा. एक फ्नोमच्या देवळाला लागून पांढऱ्या बुद्धाची प्रचंड मूर्ती बांधली आहे. माझ्या मते ती चूक होती. अकराव्या शतकातल्या मंदिराचं आकाश तिने खाल्लं. अशा ठिकाणी नवं बांधकाम ठरावीक अंतराच्या आत नकोच. आपल्याकडे काय चाललंय ते बघतोच. हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासतात, सभामंडपात चकचकीत फरशी, वर सिमेंटचा कळस. गावाची भक्ती खरी असते आणि नुकसानही खरंच असतं.

संगकेकाठ:

तुमचा मुद्दा मला पटतो आणि पूर्ण पटत नाही. देवळाच्या शिळेवर रंग लावला तर शिळा मरते, ते कधीच होऊ नये. मूर्ती देवळाला चिकटलेली नाही, शेजारी आहे. तिच्या बांधकामावर त्या वेळी बराच वाद झालाही होता. पण तो विहार आहे म्हणून त्या जागेवर माणूस आहे. रात्री कोणी छिन्नी घेऊन आलं तर भिक्षू जागे असतात. बासेतला असा जागता विहार शेजारी असता तर त्याची इतकी दशा झाली असती का, असं मला नेहमी वाटतं.

हेमाडपंती:

राखणदारी महत्त्वाची, मान्य. पण राखणदाराला मूर्ती पन्नास पावलं मागे बांधता आली असती. यावर माझं मत बदलणार नाही.

संगकेकाठ:

बदलू नका. पन्नास पावलं मागे असती तर मलाही आवडलं असतं.

प्रवासी_पाखरू:

मार्चमध्ये जायचा विचार आहे. तीन प्रश्न. १) बँकॉकहून रस्त्याने जाता येईल का? २) बांबूची रेल्वे अजून आहे का? ३) फार नावाची सर्कस तिथलीच ना? ती सिएम रीपला बघितली तर चालेल का?

संगकेकाठ:

१) सध्या तो विचार सोडा. जून २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवरची जमिनीची नाकी बंद झाली, जुलैत लढाई झाली आणि वर्षाअखेरीस पुन्हा. सिएम रीप किंवा नॉम पेन्हला विमानाने उतरा आणि निघण्याआधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचा. आणि दूरच्या टेकड्यांवर, सीमेकडच्या भागात पायवाट सोडायची नाही. सुरुंग काढण्याचं काम अजून संपलेलं नाही. सिएम रीपहून बोटीनेही येता येतं, टोनले साप सरोवर ओलांडून संगके नदीतून वर. मार्चमध्ये मात्र पाणी इतकं खाली जातं की तो प्रवास कंटाळवाणा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला केलात तर तरंगती गावं बघत येता येतं.

२) मूळ मार्गावरची बंद झाली. युद्धानंतर गाड्या धड चालत नव्हत्या तेव्हा लोकांनी बांबूचा तराफा, दोन आस आणि लहानसं इंजिन एवढ्यावर ती चालवली. समोरून दुसरी आली की कमी माल असलेली रुळावरून उचलून बाजूला ठेवायची. आता बनानजवळ पर्यटकांसाठी नवा रूळ टाकून चालवतात. मुलांना मजा येईल, पण वेळ कमी असेल तर हीच गाळा.

३) मूळ शाळा बात्तामबांगची आहे आणि ती इथेच बघा. ख्मेर रूजच्या काळानंतर थायलंडच्या सीमेवर साइट टू नावाची मोठी निर्वासित छावणी होती. तिथल्या मुलांना एका फ्रेंच चित्रकला शिक्षिकेने चित्रं काढायला शिकवलं. त्यातल्या नऊ मुलांनी परत येऊन त्या शिक्षिकेबरोबर १९९४ मध्ये फार पोन्लू सेल्पाक ही संस्था उभी केली. आधी चित्रकला, मग संगीत, मग सर्कस. मुलं शिकत असलेलं आवार तुम्हाला फिरून बघता येतं. सिएम रीपचा तंबू २०१३ चा आहे, तिथले कलाकारही इथेच तयार झालेले. ख्मेर रूजनी कलावंत वेचून मारले होते. साठच्या दशकातली लाडकी गायिका रोस सेरेयसोथिया बात्तामबांगचीच, तीही त्या काळात गेली. त्या शहरात आज शेकडो मुलं चित्रं, गाणं, कसरत शिकताहेत, हा माझ्या लेखी बनानच्या पाच शिखरांएवढाच मोठा वारसा आहे.

प्रवासी_पाखरू:

खूप धन्यवाद. मग किती दिवस ठेवू? सगळे एक दिवस पुरे म्हणतात.

संगकेकाठ:

दोन मुक्काम तरी ठेवा. पहिल्या दुपारी संग्रहालय, जुन्या गल्ल्या, प्सा नाथ आणि रात्री फारचा खेळ असेल तर तो. खेळ रोज नसतो, आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नदीकाठाने उत्तरेला, वाटेत नॉम बान्चोक, तांदळाच्या पापुद्र्यांची वाडी, समरोंग क्नोंग आणि मग एक फ्नोम. दुपारी विश्रांती, ऊन भयंकर असतं मार्चमध्ये. संध्याकाळी संपौ. तिसऱ्या दिवशी सकाळी बनान आणि परतताना वाट कोर गाव. तिथे खांबांवर उभी असलेली शंभर वर्षांची लाकडी घरं आहेत, घरातले लोक राहतात आणि घर दाखवतातही. चपला खाली काढायच्या, आजी-आजोबा असतील तर आधी त्यांना हात जोडायचे आणि निघताना पेटीत थोडे पैसे टाकायचे. छप्पर शाकारणी त्यातूनच होते. टुकटुकवाला दिवसभरासाठी एकच ठरवा आणि शक्यतो त्याच गावचा. बासेतची वाट त्यालाच माहीत असते.

रत्नांग्रीकर:

बासेतला जाणार असाल तर तिथल्या जांभ्याचे फोटो टाका प्लीज. घडाईच्या खुणा दिसतील असे, जवळून.

प्रवासी_पाखरू:

नक्की टाकते. याच धाग्यावर.